टेबल कोणी काढलं

९ जानेवारी

डॉक्टरसाहेबांस,

नमस्कार. पत्र मुद्दाम दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवते आहे. घरी आलं असतं तर वहिनीने आधी फोडलं असतं आणि तुझ्या हातात दिलं असतं की नाही, देव जाणे. तिच्यावर राग नाही माझा. तुझ्या वाट्याची बरीच कटकट तिने आजवर अशी दारातूनच परतवली आहे.

मुद्द्याचं बोलते. माझी बावीस पानं तुझ्या उजव्या खणात, एक्स-रेच्या पाकिटांखाली आहेत. ती मला परत हवीत. मी जेवायला गेले असताना तू मागच्या खोलीत आलास, प्लास्टरच्या साच्याखाली दडपलेले कागद उचललेस आणि उभ्या उभ्या सहा पानं वाचलीस. सहाव्यावर थांबलास, ते मला मी परत आले तेव्हा तुझ्या चेहऱ्यावरूनच कळलं. मग म्हणालास, "हे असलं लिहायला तुला इथे ठेवली का?"

ठेवली! सत्तावीस वर्षं तुझ्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून मी कवळ्या केल्या. पुढे तू माणसांची तोंडं बघायचास, मागे मी त्यांचे दात बसवायची. अर्धं गाव माझ्या दातांनी जेवतं आहे आणि हसताना "डॉक्टरांनी काय सुंदर बसवलेत" म्हणतं आहे. त्याचं मला काही वाटलं नाही कधी. पण "ठेवली" म्हणालास आणि मी ॲप्रन काढून टाकला. त्याला आज पाच आठवडे झाले.

आता नीट कळवते, म्हणजे तुला दुसऱ्याकडून कळायला नको. मी कादंबरी लिहिते आहे. हो, कादंबरीच. वय एक्कावन्न, शिक्षण दहावी, धंदा कवळ्या करण्याचा. हसून घे. एका प्रकाशनाच्या संपादकबाईंनी नव्या लेखकांकडून पहिली तीस पानं मागवली आहेत. त्यांनी छापलंय तसंच लिहिते: "तीस पाठवा, पण पहिल्या तीनात मला कळतं." मला आवडली ही बाई. मीसुद्धा माप हातात घेतलं की सांगते, कवळी बसणार की नाही.

तू पानं दिलीस तर ठीक. नाही दिलीस तरी मला सगळी पाठ आहेत, मी पुन्हा लिहून काढेन. तू काय खणाला कुलूप लावून माझी कादंबरी थांबवणार?

काम मिळालं आहे. मोठी लॅब आहे, आम्ही अकराजणी आहोत. माझ्या हाताखाली चांगला उजेड आहे.

तुझी बहीण (हे मात्र बदलता येत नाही)


२८ जानेवारी

दादा,

पानं मिळाली. वहिनी स्वतः घेऊन आली, तीन जिने चढून. बसली, पाणी प्यायली, खोली न्याहाळली आणि "पडदे छान आहेत" म्हणाली. पडदे घरमालकिणीचे आहेत, पण मी काही बोलले नाही. निघताना म्हणाली, "वन्सं, तुमच्या दोघांच्या भांडणात मी पडणार नाही. पण सहावं पान त्यात नाही. त्यांनी फाडलं. आणि फाडल्यावर तासभर तसेच बसून होते, पेशंट बाहेर ताटकळत."

सहावं पान म्हणजे टेबल. मागच्या खोलीतलं बाबांचं कवळ्या करायचं टेबल तू काढलंस, त्या जागी नवं आणलंस, आणि त्यानंतर बाबा पुन्हा त्या खोलीत आले नाहीत, ते अकरा महिन्यांनी गेले. एवढंच तर लिहिलं होतं. यात खोटं काय आहे? आई मरेपर्यंत हेच म्हणत होती. सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे. तूही कधी नाही म्हणाला नाहीस.

मी ते पान पुन्हा लिहिलं. आधीपेक्षा चांगलं झालं.

आता दुसरी गंमत सांगते. लॅबमध्ये माझ्या शेजारी एकजण बसते, दातांचे रंग जुळवते. पिवळट पांढरा, राखट पांढरा, असे बावीस पांढरे तिला नुसत्या नजरेने ओळखू येतात. सगळ्या तिला चष्मेवाली म्हणतात. तिला वाचनाचा नाद आहे. जेवणाच्या सुट्टीत मी तिला सुरुवात वाचून दाखवते. मी तिच्या तोंडाकडे बघत असते. ती चावत राहिली तर सुरुवात पडली. चावायची थांबली तर जमली.

आतापर्यंत चार सुरुवाती केल्या. पहिली वातावरणाची. तूच एकदा म्हणाला होतास ना, रहस्यकथा वाचायचास तेव्हा, की गोष्ट धुक्याने सुरू झाली की वाचणारा आत ओढला जातो? घातलं धुकं. चष्मेवाली चावत राहिली. दुसऱ्या सुरुवातीत घराण्याची माहिती दिली, आजोबा कोण, पणजोबा कोण. ती चावता चावता म्हणाली, "ही माणसं पुढे येतात का?" नाही येत. "मग कशाला माझी ओळख करून देतेस?" तिसरी माझ्या जन्मापासून. तिने डबा संपवून झाकण लावलं. चौथी थेट टेबलापासून. मजूर आत येतात, टेबल आडवं करतात, दारात अडकतं, एक पाय मोडतो. घास हातातच राहिला तिच्या! मग म्हणाली, "कसला भाऊ गं तुझा."

मला फार बरं वाटलं. तेही सांगून टाकते.

काल तीस पानं पाठवली.


१७ फेब्रुवारी

दादा,

संपादकबाईंचं पत्र आलं. हाताने लिहिलेलं, दीड पान. तुला आनंद होईल म्हणून त्यातलं उतरवते:

"तुमच्या भाषेत जोर आहे. टेबल दारात अडकतं तो प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहतो. पण पहिल्या तीन पानांत एकच माणूस दोषी आहे आणि बाकी सगळे भिंतीला टेकून उभे आहेत. सांगणारी कुठे आहे? टेबल हलवलं जात असताना ती काय करत होती? तिला हे सगळं इतकं स्वच्छ दिसतं आहे, याचाच मला संशय येतो. ही कादंबरीची सुरुवात नाही, ही तक्रार आहे. मार्चअखेरपर्यंत पुन्हा पाठवणार असाल तर मी पुन्हा वाचेन."

तक्रार! मी पत्र चुरगाळून फेकलं. मग उचललं, सरळ केलं, पुन्हा वाचलं. मग भांडी घासली. एका भांड्याचा कान तुटला.

कोण कुठली बाई. तिला काय माहीत त्या खोलीत मी काय करत होते? मी सांगते काय करत होते. बाबांचे हात थरथरायला लागले होते. तुला माहीत होतं, मला माहीत होतं, आईला माहीत होतं. फक्त बाबांना माहीत नव्हतं, किंवा आपल्याला तसं वाटायचं. ते अकराला यायचे आणि मेणात दात बसवायचे. एक दात आत, एक बाहेर, हिरडीला सुरीचे ओरखडे. संध्याकाळी "उद्या याला पॉलिश कर" म्हणून मला सांगून जायचे. मी सकाळी सातला यायची. ते सगळं मेण वितळवून टाकायची आणि पहिल्यापासून दात बसवायची. अकराला ते आले की कवळी हातात घेऊन फिरवायचे आणि म्हणायचे, "बघ, जमलंय की नाही?" मी म्हणायची, "जमलंय बाबा." तीन वर्षं हे चाललं.

हे तुला माहीत नव्हतं. तुला वाटायचं मी फक्त घासून गुळगुळीत करते.

आणि तो क्लॅरिनेटवाला. आठवतो? बँडमध्ये होता, अपघातात वरचे सगळे दात गेले होते. वाद्य तोंडात धरलं की पुढच्या दातांवर भार यायचा आणि कवळी मागून सुटायची. दोन डॉक्टरांनी त्याला "वाजवणं विसर" म्हणून सांगितलं होतं. बाबांनी त्याचं काम घेतलं. मी ते चार वेळा मोडून केलं. चौथ्या वेळी त्याला सांगितलं, वाद्य घेऊन या. मेणाचे दात तोंडात घालून त्याने आपल्या मागच्या खोलीत एक सूर लावला आणि मी त्याच्या टाळूशी बोट धरून बसले होते, कवळी कुठे उचलली जाते ते बघायला. ती कवळी बसली. तो वाजवायला लागला. आणि कवळ्या करणाऱ्यांच्या संघटनेने बाबांचा सत्कार केला.

सत्काराला तू पहिल्या रांगेत होतास. मी मागे, पाहुण्यांच्या चहाकडे बघत होते. क्लॅरिनेटवाल्याने स्टेजवर वाजवलं. बाबा पंधरा मिनिटं बोलले. "हे हात अजून थकलेले नाहीत," म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग कोणीतरी विचारलं, मुलगीही हेच काम करते ना? बाबा म्हणाले, "पोरगी पॉलिश छान करते. नजर यायला अजून वेळ आहे."

म्हणे सांगणारी कुठे आहे. सांगणारी चहा देत होती!

हे सगळं आता मी पहिल्या पानावर घेणार आहे. बघू मग ती बाई काय म्हणते. आणि टेबलही राहील. त्या सत्कारानंतर पाचच दिवसांत तू ते टेबल काढलंस. पाच दिवस, दादा.


६ मार्च

दादा,

क्लॅरिनेटवाल्याला भेटून आले.

सत्काराचा प्रसंग लिहायला घेतला आणि अडकले. तो वाद्य कसं धरायचा, वाजवायच्या आधी ओठ कसा घ्यायचा, काही आठवेना. चष्मेवाली म्हणाली, "माणूस जिवंत आहे ना? मग जाऊन बघ." जुन्या नोंदीतला पत्ता माझ्याकडे होता. दोन बस बदलून गेले.

सत्तरी ओलांडली आहे त्याने. बँड सुटला, आता घरी शिकवतो. मला दारात बघितलं आणि ओळखलं. आधी कवळी काढून हातात दिली, मग "या, बसा" म्हणाला. एकोणीस वर्षं झाली तरी तीच वापरतो आहे. दात झिजले आहेत, गुलाबी रंग उडाला आहे, पण कुठे तडा नाही. मी खिडकीशी नेऊन बघितली. माझं काम मला कुठेही ओळखू येतं, जसं आईला आपलं मूल पाठीवरून ओळखू येतं.

मी सगळं विचारून लिहून घेतलं. खालचा ओठ खालच्या दातांवर दुमडून घेतो, आणि डोळे मिटत नाही, उलट मोठे करतो. डोळे मोठे करतो हे मला कधीच सुचलं नसतं.

मग तो म्हणाला, "एक विचारू? ही कवळी तुम्ही केलीत ना?"

मी म्हटलं, "वडिलांनी."

"मला काय सांगता. माझ्या तोंडात बोट कोणाचं होतं, ते मला कळणार नाही? तुमचे वडील लांब खुर्चीत बसून होते. हात मांडीवर दाबून धरलेले." थोडं थांबून म्हणाला, "मी सत्काराच्या वेळी बोलणार होतो. हिंमत झाली नाही. म्हाताऱ्या माणसाचा दिवस होता. पण तुम्ही नंतर कधी सांगितलंत का त्यांना?"

मी म्हटलं, "नाही. कधीच नाही."

त्याने मान हलवली. "चांगलं केलंत," म्हणाला. "मोठं मन लागतं त्याला."

बसमध्ये बसले. माझा उतरायचा स्टॉप निघून गेला. मग चालत आले.


७ मार्च

दादा,

काल खोटं बोलले त्याच्याशी. तुझ्याशीही एकोणीस वर्षं बोलले, न बोलून.

आज रविवार. सकाळपासून लिहायला बसले आणि दुपारपर्यंत पहिलं पान झालं. आधी त्याची प्रत तुला पाठवते आहे. परवानगीसाठी नाही, हे लक्षात ठेव. दुसरी प्रत आणि पुढची पानं उद्या संपादकबाईंकडे जातील, तू काहीही म्हणालास तरी. पण त्यांच्याआधी तू वाचायला हवंस एवढं मला कळतं.

"ती कवळी माझी आहे, हे मी बाबांना सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता सांगितलं. सत्कार शनिवारी झाला होता. शाल त्यांनी रविवारभर खुर्चीच्या पाठीवर ठेवली होती. सोमवारी ते लवकर आले, नेहमीप्रमाणे अकराला नाही. मी त्यांच्या टेबलाशी बसून त्यांचं मेण वितळवत होते. पकडली गेले.

ते म्हणाले, 'हे काय करतेस?'

मला सावरता आलं असतं. तडा गेला होता म्हणाले असते तर त्यांनी मानलं असतं. त्यांना मानायचंच होतं. पण माझ्या कानात 'पॉलिश छान करते' वाजत होतं.

मी म्हटलं, 'जे रोज करते ते. तीन वर्षांत तुमच्या हातची एकही कवळी या दारातून बाहेर गेलेली नाही. क्लॅरिनेटवाल्याची माझी आहे. शालही माझीच आहे.'

शाल शब्द मी मुद्दाम वापरला. कुठे लागेल ते मला माहीत होतं.

बाबांनी टेबलावर दोन्ही हात ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिले, दुसऱ्या कोणाचे असल्यासारखे. मग नळाखाली धुतले, पुसले आणि निघून गेले. पुन्हा त्या खोलीत आले नाहीत. गुरुवारी माझ्या भावाने टेबल काढलं. सगळ्यांनी त्याला दोष दिला. मी देऊ दिला."

हे ते पहिलं पान.

आई तुझ्याशी शेवटपर्यंत नीट बोलली नाही. ती तुझ्या हातचं पाणी घ्यायची नाही तेव्हा मी तिथेच उभी होते, पेला हातात घेऊन. ती माझ्या हातून प्यायची.

माफी मागत नाही मी. का ते सांगते. बाबांना जे सांगितलं ते खरं होतं, आणि ती कवळी माझीच होती, आणि आज पुन्हा ती सकाळ आली तर मी ते पुन्हा सांगेन. शालीचं नाही सांगणार. बाकी सगळं सांगेन. पण तुझ्या डोक्यावर जे ठेवलं ते माझं होतं. ते उचलून घेते आहे. माफी वेगळी आणि हे वेगळं. तुला फरक कळत नसेल तर मला समजावता येणार नाही.

चष्मेवालीला हे उद्या वाचून दाखवणार नाही. तिला जेवू दे.


२९ मार्च

दादा,

तीन आठवडे झाले. तुझं उत्तर नाही. ठीक आहे.

वहिनीचा फोन आला होता. म्हणाली, "जेवत नाहीत नीट. काय लिहिलंत तुम्ही?" मी म्हटलं, त्यालाच विचार. म्हणाली, "विचारलं. म्हणाले, तिने सगळं स्वतःवर घेतलंय." आणि पुढे म्हणाली, "हे चांगलं आहे की वाईट ते त्यांच्या तोंडाकडे बघून मला कळेना."

मलाही कळलं नाही. फोन ठेवल्यावर मी पुढची चार पानं लिहिली. कादंबरी आता माझ्या मागे लागली आहे.


१४ एप्रिल

दादा,

रविवारी तू येऊन गेलास. काय झालं ते तुला माहीत आहे, मग लिहिते कशाला, असं म्हणशील. हे अकराव्या पानाचं कच्चं लिखाण आहे. तपासून बघ. कुठे चुकलं असेल तर तसं सांग, मी ऐकेन. पण नुसतं "हे काढ" म्हणालास तर काढणार नाही.

तू तीन जिने चढून आलास आणि दारात धापा टाकत उभा राहिलास. सत्तावन्न वर्षांचा झालास, पोट सुटलं आहे, त्याकडे बघ जरा. मी "बस" म्हटलं. तू बसला नाहीस. पान हातात होतं, चार घड्या पडलेलं.

"आई गेली तेव्हाही बोलली नाहीस तू," म्हणालास.

"नाही."

"का?"

मी विचार करून ठेवलेलं उत्तर होतं. ते आलंच नाही तोंडात. दुसरंच आलं. "बाहेर तुझ्या नावाची पाटी होती. दात माझे होते आणि नाव तुझं. वाटलं, नाव घेतोस तर दोषही घे."

तू खुर्चीत बसलास तेव्हा. मला वाटलं आता ओरडशील. ओरडला असतास तर मला सोपं गेलं असतं, त्यासाठी मी तयार होते.

तू म्हणालास, "टेबल मी काढलं नाही. म्हणजे मीच काढलं, पण बाबांनी सांगितलं म्हणून. त्याच सोमवारी. दुपारी माझ्या केबिनमध्ये आले, दोन पेशंटच्या मधे. खुर्चीवर बसलेही नाहीत. म्हणाले, माझं टेबल काढून टाक. खिडकीपाशी एक नवं आण, उजेडाला. पोरीसाठी. मी तिथे बसून तिची जागा अडवतोय."

मी तुझ्यासमोर खाली बसले.

"मी विचारलं, काय झालं? म्हणाले, काही नाही, डोळे गेलेत माझे. आणि म्हणाले, कोणी विचारलं तर तू काढलंस म्हणून सांग. तिला कळता कामा नये. तिला वाटेल तिच्यामुळे गेलो."

नवं टेबल. खिडकीपाशी. उजेडाला. ते टेबल मी पहिल्या दिवसापासून शिव्या देत वापरलं. एकोणीस वर्षं.

"आणि तू गप्प बसलास," मी म्हटलं. "आई तुझ्याशी बोलेना, तरी?"

"शब्द दिला होता."

"मी सहाव्या पानावर लिहिलं तू त्यांना मारलंस, तरी?"

तुझा चेहरा बघितला मी तेव्हा. म्हणालास, "फाडलं ना पान. अजून काय करू?" मग डॉक्टरसारखं म्हणालास, "ते हृदयाने गेले. वर्षभर आधीपासून झडप खराब होती. टेबलाने कोणी मरत नाही. बोलण्यानेही मरत नाही. हेही तुझ्या पुस्तकात लिही."

मला रडू आलं हे खरं आहे आणि ते अकराव्या पानावर राहील. तू उठून पाण्याचा पेला आणलास, तेही राहील. पण त्यानंतर मी जे बोलले ते तुला आवडलं नाही, आणि ते तर राहणारच आहे.

मी म्हटलं, "तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंत. मला काय कळावं आणि काय कळू नये. बाबा स्टेजवर पंधरा मिनिटं बोलले, त्यात हे एक वाक्य बसलं नसतं? पोरीला उजेड हवा, हे माझ्या तोंडावर म्हणायला काय झालं होतं? तुला सांगता आलं, मला नाही? माझं काम तुम्ही आपल्या नावावर घेतलंत. आणि मी एकच गोष्ट स्वतःच्या जिभेने केली, वाईट का होईना, माझी स्वतःची, तर तीही तुम्ही दोघांनी आपसात वाटून घेतलीत. मी एकोणीस वर्षं तुझ्यावर राग धरला तोसुद्धा खोटा निघाला! आता मी काय करू त्या रागाचं?"

तू म्हणालास, "आम्ही तुला जपलं गं."

"मला जपायला सांगितलं होतं कोणी?"

खाली कोणीतरी गाडी सुरू करत होतं आणि ती होत नव्हती. तू म्हणालास, "मी केलेलं सगळं लिही. टेबल लिही, पाटी लिही, ठेवली म्हणालो ते लिही. पण बाबा केबिनमध्ये आले ते लिहू नकोस. त्यांचे हात गेले होते हे लोकांना कळेल. मी त्यांना वचन दिलं होतं."

उत्तर तेव्हा राहून गेलं. आता देते.

नाही, दादा.

लोकांना कळू दे. थरथरणाऱ्या हातांनी तीन वर्षं टेबलाशी बसून राहिलेला माणूस शेवटी एका दुपारी उठतो, मुलाच्या केबिनपर्यंत चालत जातो आणि मुलीसाठी खिडकीजवळची जागा मागतो. त्या स्टेजवरच्या माणसापेक्षा हा माणूस मला जास्त आवडतो. त्याला मी झाकून ठेवणार नाही. तू एवढी वर्षं झाकलंस, थकला नाहीस का?

संपादकबाईंचं पत्र काल आलं. या वेळी चारच ओळी. पहिलं पान एका बैठकीत तीनदा वाचलं म्हणतात, आणि उरलेली कादंबरी कधी देता असं विचारतात. एक सूचना केली आहे: शालीचं वाक्य फार कठोर आहे, वाचकाला सांगणारीबद्दल सहानुभूती वाटायला हवी तर ते गाळावं. मी कळवलं, गाळणार नाही. सहानुभूती नको, वाचक बसून राहिला म्हणजे झालं.

पहिलं पान आहे तसंच राहील, "गुरुवारी माझ्या भावाने टेबल काढलं" या वाक्यासकट. मला त्या दिवशी तेवढंच माहीत होतं. वाचणाऱ्यालाही दहा पानं तेवढंच माहीत असू दे. दहा पानं त्यालाही तुझा राग येऊ दे. मग तू जिने चढून येशील.

बाबांना दिलेलं वचन तू पाळलंस. त्याबद्दल तुझ्यापुढे मी कितीही वेळ मान खाली घालून उभी राहीन, खरंच. पण ते वचन तू दिलं होतंस, दादा. माझ्याकडून कोणी घेतलं नव्हतं.

तुझी बहीण